धूर, वाफ आणि आपली तरुण मंडळी

(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



स्नेहसंमेलनासारख्या आनंदाच्या प्रसंगी व्यसनाचा विषय काढणे म्हणजे पंगतीत औषधाची पुडी सोडण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. परंतु कार्यकारी मंडळाने या वर्षी मुद्दाम हाच विषय माझ्याकडे सोपविला, आणि छातीच्या विकारांच्या रुग्णांतच माझे आयुष्य गेलेले असल्यामुळे तो नाकारण्याचा अधिकार मला उरला नाही. मंडळाने दाखविलेल्या विश्वासाबद्दल मी प्रथम आभार मानतो.

विषयाची मर्यादा आरंभीच आखून घेतो. ज्या तरुणाने अथवा तरुणीने आजवर सिगारेटही ओढलेली नाही आणि ई-सिगारेटही ओढलेली नाही, त्यांच्यासाठी माझ्यापाशी एकच वाक्य आहे : त्या वाटेस जाऊ नका, तेथे आपल्या लाभाचे काहीही नाही. माझे आजचे बोलणे आहे ते निराळ्या वर्गाविषयी. अठरा ते तीस या वयातील जी मुले-मुली महाविद्यालयात, वसतिगृहात वा नोकरीच्या गावी सिगारेट ओढू लागली, आणि पुढे ती सोडण्यासाठी, लपविण्यासाठी किंवा केवळ नवलाई म्हणून ई-सिगारेटकडे वळली, त्यांनी बरे केले की वाईट? आणि आपण वडीलधाऱ्यांनी त्यांच्याशी कसे वागावे? या दोन प्रश्नांपलीकडे मी आज जाणार नाही.

हा प्रश्न प्रथम माझ्या घरातच माझ्यापुढे उभा राहिला. काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बंधूंच्या घरी मंगलकार्य होते. त्यांचा मुलगा, त्या वेळी वय वर्षे सव्वीस, लंडन येथे नोकरीस असतो. तो त्या निमित्ताने आला होता. दुपारी जेवणे आटोपल्यावर मी सहज गच्चीवर गेलो, तो चिरंजीव पाठमोरे उभे, आणि पिकल्या आंब्याचा घमघमाट सुटलेला. दिवस मार्गशीर्षातले, आंब्याचा हंगाम नव्हे. मी पुढे होताच त्याने हातातील लेखणीएवढी नळी घाईघाईने मुठीत लपविली. पुण्यास अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी असतानाच तो सिगारेट ओढू लागला होता, हेही मला त्याच दिवशी कळले. तो म्हणाला, "काका, सिगारेट सोडतो आहे, म्हणून हे घेतो." मी त्याचे वाक्य पुरते ऐकून घेतले नाही. छातीच्या विकारांचा तज्ज्ञ म्हणविणाऱ्या मी त्याला चार शब्द सुनावले, ती गोष्ट त्याच्या वडिलांच्या कानावर घातली, आणि मंगलकार्याच्या त्या घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलले नाही. आपण योग्य तेच केले, अशी त्या वेळी माझी खात्री होती. पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. आधी ही वस्तू आहे तरी काय, ते पाहू.

ई-सिगारेट, अथवा तरुणांच्या बोलीत 'व्हेप', हे विजेवर चालणारे एक लहानसे यंत्र आहे. त्यात बॅटरी, तारेचे वेटोळे, कापसाची वात आणि द्रवाची कुपी इतके भाग असतात. त्या द्रवात बहुधा प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन, त्यात मिसळलेले निकोटीन आणि फळांचे वा पुदिन्याचे स्वाद असतात. झुरका घेतला की तार तापते, वातीतील द्रव तापून त्याचे सूक्ष्म तुषार होतात व ते छातीत जातात. आपण त्यास वाफ म्हणतो. परंतु ती चहाच्या किटलीतून निघणारी पाण्याची वाफ नव्हे, हे ध्यानात असावे.

तंबाखू न जाळता धूम्रपानाचे समाधान द्यावे ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट नावाच्या गृहस्थाने १९६३ साली अशा एका साधनाच्या एकस्वासाठी अर्ज केला व १९६५ साली त्यास ते मिळाले. तथापि ते साधन बाजारात आले नाही. आजच्या यंत्राचा जनक म्हणून होन लिक या चिनी औषधनिर्मात्याचे नाव घेतले जाते. तो स्वतः अतोनात सिगारेट ओढीत असे, आणि त्याचे वडील, तेही धूम्रपान करणारे, फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. २००३ साली त्याने हे यंत्र सिद्ध केले. सिगारेट सुटत नाही अशा माणसाने सिगारेट सुटावी म्हणून शोधलेले हे साधन आहे. ते पुढे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या दप्तरात कसे गेले, हा व्यापाराचा इतिहास आहे. परंतु त्याचा मूळ हेतू आपण विसरू नये.

आता धूर आणि वाफ यांतील भेद पाहू. सिगारेटचे टोक झुरक्याच्या वेळी सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापते. त्या ज्वलनातून जो धूर निघतो त्यात ७,००० हून अधिक रासायनिक द्रव्ये असतात, आणि त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगास कारणीभूत होतात. डांबरासारखा चिकट अंश फुप्फुसात साचतो. कार्बन मोनॉक्साइड रक्तात शिरून प्राणवायूची जागा अडवितो. माणूस सिगारेटला बांधला जातो तो निकोटीनमुळे. परंतु त्याचा जीव घेतो तो मुख्यतः हा धूर. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी हा भेद १९७६ सालीच स्पष्टपणे मांडला होता. ई-सिगारेटमध्ये काही जळत नाही. म्हणून डांबर नाही आणि कार्बन मोनॉक्साइडही जवळजवळ नाही. याच आधारावर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ साली असे मत दिले, की ई-सिगारेटचा दीर्घकालीन अपाय धूम्रपानाच्या अपायाच्या ५ टक्क्यांहून अधिक असण्याचा संभव नाही. हे मत सामान्य संस्थेचे नव्हे. १९६२ साली धूम्रपानाविरुद्ध पहिला खणखणीत अहवाल ज्या वैद्यकसंस्थेने ब्रिटिश जनतेपुढे ठेवला, तीच ही संस्था.

'दगडापेक्षा वीट मऊ' अशी आपल्याकडे म्हण आहे. जो रोज दगडावर डोके आपटीत आहे त्यास वीट मऊ, हे मी वैद्य या नात्याने नाकारू शकत नाही. परंतु म्हण विटेस उशी म्हणत नाही, हेही तितकेच खरे. त्या विटेच्या तीन बाजू मी आपणांस दाखवितो.

पहिली बाजू ही, की ते ५ टक्के हा तज्ज्ञांचा अंदाज आहे. ते मोजमाप नव्हे. हे यंत्र बाजारात येऊन अवघी वीस-बावीस वर्षे झाली. सिगारेटचा प्रसार विसाव्या शतकाच्या आरंभी झाला, आणि ती फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण आहे हे रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी दाखवून दिले ते १९५० साली. सावकाश उमटणारे अपाय कळावयास सावकाशच कळतात. म्हणून 'अपाय कमी' या शब्दांचा अर्थ 'अपाय नाही' असा करणे हा उतावीळपणा होय.

दुसरी बाजू ही, की कुपीत काय आहे यावर सारे अवलंबून आहे. २०१९ साली अमेरिकेत तरुण माणसे धाप लागून रुग्णालयांत दाखल होऊ लागली. २०२० सालच्या फेब्रुवारीपर्यंत अशा रुग्णांची संख्या २,८०७ झाली व त्यांतील ६८ जण दगावले. शोध घेता असे आढळले, की पुष्कळांनी गांजातील मादक द्रव्य असलेल्या, चोरट्या मार्गाने आलेल्या कुप्या वापरल्या होत्या, आणि त्या द्रव्यास दाटपणा यावा म्हणून त्यात 'ई' जीवनसत्त्वाचे ॲसिटेट मिसळलेले होते. पोटात गेले तर निरुपद्रवी असणारे द्रव्य छातीत गेले तेव्हा घातक ठरले. देखरेखीखाली विकली जाणारी वस्तू आणि अंधारातून आलेली वस्तू यांत किती अंतर असते, हे या प्रकरणावरून कळते.

तिसरी बाजू निकोटीनची. सिगारेट, काहीही म्हटले तरी, विझते. एक संपली की दुसरी पेटविण्यासाठी उठावे लागते, बाहेर जावे लागते, काडी ओढावी लागते. या यंत्रास असा शेवट नाही. ते उशाशी असते, मेजावर असते, आणि दिवसभरात किती झुरके झाले याचा हिशेब ओढणाऱ्याजवळ नसतो. निकोटीनच्या क्षारांचा उपयोग होऊ लागल्यापासून घशास खवखव न होता अधिक निकोटीन घेता येते. ब्रिटनमध्ये द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅमहून अधिक निकोटीन असू नये असा निर्बंध आहे. अमेरिकेत त्याच्या अडीचपटीहून तीव्र द्रव विकले गेले आहेत. माणसाच्या मेंदूची वाढ सुमारे पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू असते, आणि त्या वयात जडलेली सवय अधिक खोल रुजते. आपण ज्या वयाविषयी बोलत आहोत ते नेमके हेच वय.

मग हे साधन सिगारेट सोडविते की नाही? याचे उत्तर चांगल्या रीतीने तपासले गेले आहे. इंग्लंडमध्ये सिगारेट सोडू इच्छिणाऱ्या ८८६ व्यक्तींचे दोन गट करण्यात आले. एका गटास निकोटीनच्या पट्ट्या, गोळ्या, च्युइंगगम अशी औषधे दिली, दुसऱ्यास ई-सिगारेट. दोन्ही गटांस आठवड्याच्या आठवड्यास समुपदेशनही मिळत होते. वर्षाच्या अखेरीस सिगारेट पूर्ण सुटलेली माणसे पहिल्या गटात ९.९ टक्के, तर ई-सिगारेटच्या गटात १८ टक्के निघाली. २०१९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा ई-सिगारेटच्या पुरस्कर्त्यांनी ते आनंदाने उचलून धरले. परंतु त्याच पाहणीतील दुसरा आकडा तितक्याच लक्षपूर्वक वाचावयास हवा. सिगारेट सुटलेल्यांपैकी औषधांच्या गटातील ९ टक्के लोक वर्षानंतरही औषध घेत होते. ई-सिगारेटच्या गटातील ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढीत होते. धूर सुटला, निकोटीनची बांधणी बहुतेकांची तशीच राहिली. आणि दोन्ही गटांतील बहुसंख्य लोकांची सिगारेट सुटली नाही, हेही विसरून चालणार नाही.

यापुढील गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तरुण मंडळींनी ती नीट ऐकावी अशी विनंती आहे. ई-सिगारेट हाती घेणारा प्रत्येक जण सिगारेट टाकून देतो असे नाही. ब्रिटनमधील पाहण्यांत ई-सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांपैकी एकतृतीयांशाहून अधिक लोक सिगारेटही ओढतात असे दिसते. त्याच देशात २०२३ साली सोळा ते चोवीस या वयोगटातील १५.८ टक्के व्यक्ती रोज वा अधूनमधून ई-सिगारेट ओढीत होत्या. इतर कोणत्याही वयोगटापेक्षा हे प्रमाण अधिक. घरात, खोलीवर, कार्यालयाच्या जिन्यात ई-सिगारेट, आणि मित्रमंडळीत चहाबरोबर सिगारेट, अशी ही दुहेरी रीत आहे. विचारले असता तरुण म्हणतो, "पूर्वी दिवसास दहा होत, आता तीनच होतात. म्हणजे अपाय तिसऱ्या हिश्शावर आला."

हा हिशेब चुकीचा आहे. हृदयविकाराच्या बाबतीत तर तो फारच चुकीचा आहे. २०१८ सालच्या जानेवारीत 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अनेक देशांतील १४१ पाहण्यांचा एकत्र विचार करणारा निबंध आला. त्याचा निष्कर्ष असा, की दिवसाला वीस सिगारेट ओढणाऱ्यास हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याचा जवळजवळ निम्मा धोका दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यासही असतो. वीसाचा विसावा भाग एक खरा. परंतु धोक्याचा विसावा भाग होत नाही, निम्मा होतो. सारांश, ई-सिगारेटचा लाभ जर कोणास होणार असेल, तर तो सिगारेट पूर्णपणे टाकणाऱ्यास. दोन डगरींवर पाय ठेवून उभा राहणारा दगडाचा मारही खातो आणि विटेचाही.

याच्या उलट, पूर्ण सोडण्याचे फळ किती मोठे आहे ते पहा. डॉल व हिल यांनी १९५१ साली ३४,४३९ ब्रिटिश पुरुष डॉक्टरांच्या सवयींची नोंद करण्यास आरंभ केला व ते काम पन्नास वर्षे चालले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांप्रमाणे, आयुष्यभर सिगारेट ओढणारा सरासरीने दहा वर्षे आधी जातो. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यास त्यांतील सुमारे तीन वर्षे परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यास सहा, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यास नऊ, आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यास जवळजवळ सर्व दहा. निसर्ग इतका उदार सावकार आहे, की तिशीच्या आत फेडलेल्या कर्जावर तो बहुधा व्याज लावीत नाही. माझ्यासमोर जे विशीतले श्रोते बसले आहेत, त्यांनी हा आकडा घरी घेऊन जावा.

आता आपल्या देशाकडे वळतो. कारण लंडनमधील मुलास जी वाट उपलब्ध आहे ती नागपूर, पुणे वा मुंबईतील मुलास नाही. भारत सरकारने २०१९ सालच्या सप्टेंबरात अध्यादेश काढून व त्याच वर्षी डिसेंबरात कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांस बंदी केली. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड. नुसत्या साठवणीसही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. परदेशाहून येताना 'मित्रासाठी दोन नग' सामानात टाकणाऱ्या मुलांना हे ठाऊक नसते. माझ्या पुतण्यासही ते ठाऊक नव्हते.

बंदी योग्य की अयोग्य हा वाद विद्वानांत चालू आहे. सिगारेट व विडी खुलेपणाने विकली जावी आणि त्यांहून कमी अपायकारक वस्तू मात्र बंद असावी, यात विसंगती आहे असे काही म्हणतात. मुलांच्या पिढीस नवे व्यसन लागू नये म्हणून हे आवश्यक होते असे दुसरे म्हणतात. त्या वादात मी पडत नाही. व्यवहाराचा प्रश्न एवढाच, की आज आपल्याकडे जी ई-सिगारेट मिळते ती चोरट्या मार्गानेच येते. तिच्या कुपीवर लिहिलेले खरे की खोटे, हे पाहणारा कोणी नाही. मघाशी मी अमेरिकेतील अंधाऱ्या कुप्यांची हकीकत सांगितली ती यासाठीच. म्हणून येथील तरुणास मी असा सल्ला देतो : सिगारेट सोडण्यासाठी तू ई-सिगारेटच्या मागे लागू नकोस, तुझ्यासाठी दुसरी साधने आहेत आणि ती कायदेशीर व तपासलेली आहेत.

ती कोणती, ते थोडक्यात सांगतो. निकोटीनचे च्युइंगगम, गोळ्या व कातडीस लावावयाच्या पट्ट्या यांनी धुराविना निकोटीन मिळते व ते क्रमाक्रमाने कमी करता येते. त्यांचे प्रमाण डॉक्टरांस विचारून ठरवावे. तल्लफ कमी करणारी औषधेही आहेत. तीही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाची. भारत सरकारची १८००-११-२३५६ ही तंबाखूमुक्तीची निःशुल्क दूरध्वनिसेवा आहे; तेथे समुपदेशक बोलतात व पुढेही विचारपूस करतात. सोडण्याचा दिवस ठरवावा, तो घरात सांगावा आणि त्या दिवशी सिगारेट, काडेपेटी, राखदाणी सारे घराबाहेर काढावे. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण. चिडचिड होते, झोप येत नाही, भूक वाढते. तीन-चार आठवड्यांत हा त्रास बहुतांशी ओसरतो. तल्लफेची एक लाट काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ पाणी पिण्यात, चालण्यात वा कोणाशी बोलण्यात घालविला की ती सरते. आणि घसरण झाली तर पुन्हा आरंभ करावा. बहुतेकांची सिगारेट पहिल्याच प्रयत्नात सुटत नाही. परदेशी असलेल्या आपल्या ज्या मुलामुलींनी तेथील कायद्यानुसार ई-सिगारेट पत्करलीच असेल, त्यांना माझे सांगणे एवढेच, की सिगारेट एकाच दिवशी पूर्ण बंद करा, द्रवातील निकोटीनचे प्रमाण पायरीपायरीने उतरवा, आणि शेवटी ते यंत्रही टाकून द्या. पूल ओलांडण्यासाठी असतो; पुलावर कोणी बिऱ्हाड करीत नाही.

येथपर्यंत मी तरुणांशी बोललो. आता दोन शब्द माझ्या वयाच्या मंडळींशी.

वडीलधाऱ्यांसमोर विडी-सिगारेट ओढावयाची नाही, हा आपल्या घरांतील जुना दंडक. त्यात आदर होता, यात शंका नाही. परंतु त्या आदराआड पुष्कळ काही झाकले जात असे, हेही खरे. पूर्वी निदान सदऱ्याचा वास, खिशातील काडेपेटी, पिवळी पडलेली बोटे यांवरून आईच्या लक्षात येई. आता वास येतो आंब्याचा अथवा पुदिन्याचा, आणि यंत्र दिसते लेखणीसारखे. वासावरून पकडण्याचे दिवस गेले. आता मूल सांगेल तरच कळेल. आणि सांगितल्यावर घरात काय होते हे पाहूनच ते सांगेल. मुलींच्या बाबतीत तर हे दुपटीने खरे आहे. मुलाच्या सिगारेटला आपण व्यसन म्हणतो, मुलीच्या सिगारेटला घराण्याचा कलंक म्हणतो. मग तिने कोणापाशी बोलावे?

आपल्या वधूवर-सूचक विभागाच्या अर्जात 'व्यसन' असा एक रकाना आहे. मी त्या विभागाचे काम काही वर्षे पाहिले. त्या रकान्यात 'नाही' यावाचून दुसरा शब्द लिहिलेला मला कधी आढळला नाही. आपली सारी तरुण पिढी निर्व्यसनी असती तर मला परमानंद झाला असता. परंतु आपण सर्वच जाणतो, की झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्नानंतर ती मूठ उघडते, आणि सुनेस वा जावयास पहिला धक्का बसतो तो सिगारेटचा नव्हे, तर फसवणुकीचा. त्या रकान्यात 'होते. सोडले आहे' किंवा 'सोडण्याचा प्रयत्न चालू आहे' असे लिहिणाऱ्या स्थळास आपण नकार देणार असू, तर खोटे लिहिण्याचा धडा आपणच मुलांस देत आहोत. मला स्वतःला विचाराल, तर जो सव्विसाव्या वर्षी एक व्यसन निर्धाराने सोडू शकला, त्याच्या हाती मुलगी देण्यास मी कचरणार नाही.

आणखी एक गोष्ट. २०१६-१७ सालच्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील धूम्रपान करणारे प्रौढ ४ टक्क्यांच्या आत होते; तंबाखू खाणारे, मिश्री लावणारे मात्र सुमारे २४ टक्के, म्हणजे चौघांत जवळजवळ एक. तळहातावर चुना-तंबाखू मळता मळता नातवास ई-सिगारेटचे दुष्परिणाम सांगणारे आजोबा मी पाहिले आहेत. त्यांचे सांगणे खोटे नसते. पण ते नातवाच्या कानापर्यंत पोहोचत नाही. अशा घरी आजोबांनी व नातवाने सोडण्याचा दिवस एकच ठरवावा, ही माझी नम्र सूचना.

आता माझ्या पुतण्याची राहिलेली हकीकत. त्या मंगलकार्यानंतर दीड वर्षाने मी काही कामानिमित्त लंडनला गेलो व त्याच्याकडेच उतरलो. एका संध्याकाळी मी त्याला म्हणालो, "त्या दिवशी तू काही सांगत होतास, मी ऐकून घेतले नाही. आज सांग." तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने सांगितले, की त्या वेळी त्याची सिगारेट सुटून सात आठवडे झाले होते. घरच्या त्या गोंधळानंतर त्याने चिडून ते यंत्र फेकून दिले, आणि परतल्यावर आठवड्याभरात पुन्हा सिगारेट घेतली. पुढे तो दोन्ही ओढू लागला : बाहेर सिगारेट, आणि खोलीवर, आईशी दूरध्वनीवर बोलताना खोकला येऊ नये म्हणून, दुसरे यंत्र. ज्या मुलाने आपण होऊन निम्मी वाट काढली होती, त्याला त्याच्या डॉक्टर काकाने मागे लोटले होते. मी त्याची क्षमा मागितली. आपल्याकडे काकांनी पुतण्याची क्षमा मागण्याची रीत नाही. त्यामुळे तो माझ्याहून अधिक संकोचला.

त्यानंतर तो तेथील धूम्रपानमुक्ती केंद्रात जाऊ लागला. दिवस ठरवून सिगारेट बंद केली. मध्ये एकदा घसरला, पुन्हा सावरला. द्रवातील निकोटीन उतरवीत उतरवीत नऊ-दहा महिन्यांनी यंत्रही टाकले. आज त्याच्या हाती दोन्ही नाहीत. तो एकोणतीस वर्षांचा होता तेव्हा ही वार्ता त्याने प्रथम आपल्या वडिलांना कळविली, आणि माझे बंधू, जे त्या वेळी दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते, त्यांनी ती मला फोन करून सांगितली तेव्हा त्यांना पुढे बोलवेना. डॉल यांच्या हिशेबाने त्याची दहाही वर्षे बहुतेक त्याच्या पदरात पडली. माझ्या रागाने ती जावयाची होती.

म्हणून मंडळापुढे दोन विनंत्या ठेवून मी थांबतो. वधूवर-सूचक अर्जातील तो रकाना अशा रीतीने बदलावा, की खरे लिहिणाऱ्यास जागा मिळेल. आणि आपल्या विद्यार्थी वसतिगृहात सिगारेट वा ई-सिगारेट सापडल्यास विद्यार्थ्यास प्रथम डॉक्टरकडे पाठवावे; बिछाना उचलावयास सांगण्याची वेळ त्यानंतरची. वसतिगृहाच्या नियमांत एवढा बदल झाला, तर वैद्यकीय सल्ल्याचे काम मी व माझे दोन सहकारी विनामूल्य करू. आपल्या घरचे मूल जेव्हा संकोचाने म्हणेल, "बाबा, मला काही सांगावयाचे आहे," तेव्हा त्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे, इतकीच आपणा सर्वांस माझी प्रार्थना आहे.